मामा, हळद आणि जिवाणू

माणसांपेक्षा झाडांशी अधिक घरोबा असलेले एकच गृहस्थ मला माहीत आहेत, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. कल्याणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, राहतात शहाडला. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. लग्नानंतर तीन वर्षं ते मला माझ्या साडूच्या नावाने हाक मारत होते. पण घोडबंदर रोडवर गाडी अडकली, की दुभाजकावरच्या गवताचं लॅटिन नाव कुळासकट सांगतात. एकदा तर ते नीट बघायला खाली उतरले, तेवढ्यात ट्रॅफिक सुटला आणि मला पुढच्या सिग्नलपाशी त्यांची वाट बघावी लागली. आले ते रुमालात काहीतरी बांधूनच.

निवृत्तीनंतर वनस्पतींतल्या औषधी द्रव्यांचा त्यांना ध्यास लागला. हळदीतलं अमुक, ब्रोकोलीतलं तमुक, द्राक्षाच्या सालीतलं आणखी काही. प्रयोगशाळेत या द्रव्यांनी कॅन्सरच्या पेशी कशा मरतात, यावरचे शोधनिबंध ते छापून आणत आणि आमच्या वर्तकनगरच्या घरी जेवताना वाचून दाखवत. भाजी गार होऊन जायची.

मग त्यांच्याच लघवीतून रक्त जाऊ लागलं. पंधरा दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मामींना संडासात लाल डाग दिसला तेव्हा म्हणाले, बीट खाल्लंय, त्याचा रंग आहे. घरात महिनाभर बीट आलेलं नव्हतं, आणि बाजार मामीच करतात.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. मूत्राशयात गाठ होती, कॅन्सरचीच. ती दुर्बिणीतूनच काढली. पुन्हा होऊ नये म्हणून क्षयाच्या लसीतले दुबळे केलेले जिवाणू, दर आठवड्याला एकदा असे सहा आठवडे, मूत्राशयात सोडायचे ठरले. इथे मामा अडले. आधी तीन महिने हळदीतलं द्रव्य घेऊन बघतो म्हणाले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की ही द्रव्यं आशादायक आहेत, पण प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशींवर. माणसांत अजून काही सिद्ध झालेलं नाही, आणि पोटात घेतलेली हळद तिथपर्यंत फारशी पोचतही नाही. मामांनी त्यांनाच एक शोधनिबंध वाचायला दिला.

घरी आल्यावर माझी बायको त्यांच्याशी भांडली, रडली. उपयोग झाला नाही. मामी मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बशीतल्या पेशी मेल्या म्हणजे माणूस बरा होणार, असं एखाद्या मुलाने पेपरात लिहिलं असतं, तर किती मार्क दिले असते तुम्ही?"

मामांनी आयुष्यात कोणाला फुकटचा अर्धा मार्क दिलेला नाही.

"शून्य," म्हणाले, आणि शोधनिबंधांची फाईल मिटली.

सहाही वेळा मीच त्यांना घेऊन गेलो. औषध सोडल्यावर दोन तास लघवी धरून ठेवायची असते. तेवढ्या वेळात ते नर्सबाईंना खिडकीतल्या मनी प्लांटचं खरं नाव शिकवत. जळजळ झाली, ताप आला, त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. तक्रार एवढीच, की नर्सबाई स्पेलिंग चुकतात.

तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. आत सगळं स्वच्छ होतं. तपासायला मात्र येत राहा, डॉक्टर म्हणाल्या.

परतताना मामी मागच्या सीटवर झोपी गेल्या. मामा हळूच म्हणाले, "जिवाणूंचे उपकारच आहेत. पण ज्यांच्यात आयुष्य काढलं, त्यांच्यापैकी कोणी हे केलं असतं तर बरं वाटलं असतं."