आठव्या घंटीला

गुणाकर खानझोडे यांनी टेलिफोन कार्यालयाला पाठवलेल्या अर्जांची संख्या गेल्या मंगळवारपर्यंत अकरा होती. अकराही अर्जांच्या दुय्यम प्रती, आवक-शिक्क्यासह आणि तारखेच्या क्रमाने, एका हिरव्या फायलीत लावलेल्या होत्या. जलसंसाधन विभागात तेहतीस वर्षे कारकुनी करून हा माणूस एक गोष्ट शिकला होता: तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही आणि लेखी सांगितलेले कोणी वाचत नाही, पण लेखी सांगितलेले निदान सिद्ध करता येते. त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांच्या टेबलावर दौतीची जागा चहाच्या कपाने घेतली नव्हती.

अर्जांचा विषय एकच होता. 'सदर दूरध्वनी वाहिनीवर गोंगाट असल्याने अर्जदाराच्या संगणकाचा संपर्क प्रस्थापित होत नाही.'

हा संपर्क कसला, हे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कोणाला समजावून सांगायचे म्हणजे स्वतःचे हसू करून घेणे होते. घरच्या संगणकाला मोडेम नावाचा डबा जोडायचा, डब्याला टेलिफोनची तार. बाहेरगावच्या माणसाने आपल्या संगणकावरून त्या नंबरला फोन लावायचा. दोन्ही डब्यांनी किंचाळून एकमेकांची ओळख पटवली, की त्या माणसाच्या पडद्यावर इथला फलक उघडायचा. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, निरोपांची यादी, उत्तर लिहायला जागा. एका वेळी एकच माणूस आत. तो गेला की दुसरा. इंटरनेट येण्याआधी जगात असे हजारो फलक घराघरांतून चालत होते आणि गुणाकरांना सत्याण्णव साली बालाघाटात तो पहिला चालवायचा होता. एम.एस्सी. झालेला, फायलींवर टाचण्या लावणारा तिशीतला कारकून नागपूरहून मोडेम घेऊन आला. मग कायदेशीर मार्गाने जावे म्हणून परवानगी मागणारा अर्ज केला. सात महिन्यांनी उत्तर आले की अर्ज संबंधित शाखेकडे पाठवला आहे. संबंधित शाखेचे उत्तर अजून यायचे आहे. दरम्यान चौकात सायबर कॅफे निघाले, बंदही पडले, आणि मोडेम आपल्या खोक्यासकट लोखंडी ट्रंकेत पडून राहिला, तो चार महिन्यांपूर्वी, निवृत्तीनंतर, बाहेर निघाला.

"बाबा, ग्रुप बनवा ना एक," पुण्याहून ईरा, त्यांची मुलगी, म्हणायची. "दोन मिनिट का काम है."

ग्रुपमध्ये काय असते ते गुणाकरांनी पाहिले होते. सकाळी फुलांची चित्रे, दुपारी देवांची, संध्याकाळी कोणाच्या तरी मेहुण्याच्या साडूच्या निधनाची बातमी आणि तिच्याखाली एकशे चाळीस जोडलेले हात. तिथे कोणी कोणाला लिहीत नाही, फक्त पुढे ढकलतो. त्यांना आयुष्यात एकदा, निदान एका माणसाने, मुद्दाम त्यांच्या दाराशी येऊन, नाव सांगून, आत शिरून चार ओळी लिहिलेल्या हव्या होत्या. एवढेच. आणि तो एक माणूसही त्यांनी शोधून ठेवला होता.

वीरेंद्र बोपचे मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत उपकरण-दुरुस्तीचे काम करून निवृत्त झाला होता. कॉलेजातला सोबती. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये त्याच्याकडे जुना संगणक होता, सत्याण्णव सालीच गुणाकरांच्या नादाने घेतलेला मोडेम होता आणि चालू टेलिफोन होता. पण क्वार्टर येत्या गुरुवारच्या आत सोडायचे होते. नंतर तो रायपूरला, मुलीकडे, सातव्या मजल्यावर राहणार होता. तिथे टेलिफोनची तार नव्हती.

चार महिने रोज सकाळी वीरेंद्र फोन लावत होता आणि चार महिने फलकाच्या नोंदवहीत एकच ओळ उमटत होती: संपर्क झाला नाही.

"लागून नाही राह्यलं रे," तो दुपारी मोबाइलवर कळवायचा.

"वाहिनीत दोष आहे," गुणाकर म्हणायचे. ते बोलण्यातही वाहिनी म्हणत.

"मलाजखंडातून ट्रकच्या ट्रक तांबं गेलं, अन् तुले दोन तारा धड नाही भेटून राह्यल्या. लिही, अजून एक लिही!"

आणि गुणाकर खरोखर लिहीत.

प्रत्येक अर्जानंतर पाच-सहा दिवसांनी पुनाराम यायचा. कंत्राटी लाइनमन, पन्नाशीचा, मोपेडच्या मागे शिडी बांधलेला. खांबावर चढायचा, खाली उतरून आपला तपासणीचा फोन तारेला लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "साहेब, लाइन एकदम साफ, काच आहे."

"काच असेल तर तडा कुठे आहे ते शोधा."

"तडाच नाही न साहेब."

"मग संपर्क का होत नाही?"

पुनाराम त्या किंचाळणाऱ्या डब्याकडे पाहायचा आणि नम्रपणे शिडी मोपेडला बांधू लागायचा. त्या नम्रपणाचा गुणाकरांना शब्दांपेक्षा अधिक राग यायचा.

आता इथे घरातल्या एका रिवाजाची गोष्ट सांगणे भाग आहे. गुणाकरांच्या पत्नी अलकनंदा वहिनी यांच्या आई, गोदाबाई, लामत्याला राहत. वय ब्याऐंशी, कान जवळपास गेलेले. मुलगा-सून शेजारीच होते, तरी आपण बऱ्या आहोत हे बालाघाटच्या लेकीला रोज कळवण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती. रोज सकाळी, कधी आठाला, कधी पार बाराला, त्या मोबाइलचे एक नंबरचे बटण दाबून ठेवत, इथे घरच्या टेलिफोनची घंटी वाजे आणि त्या फोन तोडून टाकत. बोलणे नाही. घंटी वाजली म्हणजे आई ठीक. मोबाइलवर बोलणे फुकट झाल्यावरही हे बदलले नाही, कारण ऐकू न येणाऱ्या माणसाला फुकट बोलण्याचा काय उपयोग?

फलक सुरू झाला त्या पहिल्या सकाळी मोडेम पहिल्याच घंटीला फोन उचलत होता. गोदाबाईंनी बटण दाबले, डब्याने फोन उचलला आणि त्यांच्या कानात किंचाळला. बहिऱ्या कानालाही ते ऐकू गेले. अर्ध्या तासात लामत्याहून तीन फोन, आणि दुपारी मेव्हणा मोटारसायकलवर.

"आई म्हणते जावयाच्या घरी कोणीतरी केकाटून राह्यलं!"

त्या संध्याकाळी अलकनंदा वहिनींनी निर्णय दिला. "तुमच्या त्या डब्याले सांगा, आईची घंटी संपल्याबिगर हात लावायचा नाही. तिची बोटं चालत नाहीत. दोन म्हणता म्हणता पाच घंट्या होतात, सहा होतात."

गुणाकरांनी, सुरक्षित अंतर ठेवावे या कार्यालयीन सवयीने, मोडेमला आठव्या घंटीला फोन उचलण्याची आज्ञा दिली. आणि ती गोष्ट ते विसरून गेले. त्यांच्या दृष्टीने तो घरगुती प्रश्न होता. तांत्रिक प्रश्न तारेत होता, कारण तार सरकारी होती.

बुधवारी सकाळी साडेदहाला पुनाराम आला, तो शिडी न घेता. हातात कागद होता.

"साहेब, तुमचं काम झालं. आर्डर निघाली."

गुणाकरांनी चष्मा लावून कागद वाचला. अर्जदाराच्या वारंवार प्राप्त तक्रारी लक्षात घेता सदर तांब्याची वाहिनी सदोष मानून काढून टाकण्यात यावी व अर्जदारास फायबर जोडणी देण्यात यावी. खाली सही होती. जावक क्रमांक होता. तेहतीस वर्षांत त्यांच्या कोणत्याही अर्जावर इतकी पूर्ण, इतकी निर्दोष कारवाई झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

"हे मी मागितलेलं नाही," ते म्हणाले. "फायबरवर हा मोडेम चालणार नाही. त्याचा आवाज पलीकडे धड पोचतच नाही."

"मले काय साहेब. अकरा बार लिहिलं तुम्ही. ऑफिसात म्हणे, या खानझोडे साहेबांचं एकदाचं निपटवा."

"किती वाजता काढणार?"

"आताच." मग त्यांचा चेहरा पाहून पुनाराम जरा थांबला. "चहा होईपर्यंत थांबतो."

गुणाकरांनी वीरेंद्रला मोबाइलवर गाठले. आजवर ते फलकाच्या वेळेला मोबाइल हातात धरत नसत. फलकाची चाचणी फलकानेच व्हावी, हे त्यांचे तत्त्व होते. आज तत्त्वाला वेळ नव्हता.

"वीरेंद्र, आत्ता लाव. ही शेवटची वेळ."

"अबे, ट्रक येऊन उभा आहे. कॉम्प्युटर खोक्यात टाकून राह्यलो."

"बाहेर काढ."

पलीकडून शिव्या, खोके फाटण्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. मग, "हं, लावला."

टेलिफोन वाजू लागला. मोबाइल गुणाकरांच्या कानाला होता, पुनाराम दारात बशी घेऊन उभा होता, आणि अलकनंदा वहिनी पोळपाट सोडून सवयीने घंट्या मोजत होत्या. "...पाच, सहा, सात, आठ." डब्याने फोन उचलला, किंचाळला, एकटाच किंचाळत राहिला.

"सोडला यानं," वीरेंद्र मोबाइलवर म्हणाला. "तीस झाले."

"काय तीस?"

"सेकंद. नंबर फिरवला की पडद्यावर तीसपासून उलटी गिनती चालते. शून्य झालं की हा डबा फोन ठेवून देते. चार महिन्यांपासून असंच करून राह्यला."

गुणाकर खुर्चीत बसले. एका घंटीला तीन सेकंद. आठ घंट्यांना चोवीस. ओळख पटायला निदान दहा-बारा. इयत्ता तिसरीची बेरीज होती.

"हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं काहून नाही? मी म्हणलं लागून नाही राह्यलं, का तू लगेच 'वाहिनीत दोष'! तुले तारेशिवाय कोणी दोषी दिसलं का आजपर्यंत?"

वहिनींनी पोळपाटाकडे वळताना न हसण्याचा प्रयत्न केला. तो गुणाकरांना दिसला.

"गुण्या, मले हे बदलवता नाही येत, पुस्तक कधीचं हरवलं. तुझ्याकडे बदल. पंधरा मिनिटं आहेत माझ्याजवळ."

मोडेमला पहिल्या घंटीची आज्ञा द्यायला अर्धे मिनिट लागले. पण तोवर पुनारामने बशी खाली ठेवली होती आणि कातरी हातात घेतली होती.

"थांबा. दोष सापडला. वाहिनी ठीक आहे."

"ते मी चार महिन्यांपासून सांगून राह्यलो साहेब. पण आर्डर हाये. तुमची तक्रार जिंदा आहे तोवर मले तोडाच लागन." पुनाराम खांब पाहत म्हणाला, "तुम्ही तक्रार वापस घ्या. लेखी. मग मी काहून तोडू?"

गुणाकरांनी आयुष्यात तक्रार मागे घेतली नव्हती. बढती डावलली गेली तेव्हा नाही, विभागाने त्यांची बदली लालबर्ऱ्याला केली तेव्हा नाही. तक्रार मागे घेणारी माणसे त्यांनी पाहिली होती. साहेबांच्या खोलीतून खाली मान घालून बाहेर येणारी. त्यांच्यातले आपण नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी तेहतीस वर्षे काढली होती.

त्यांनी कागद ओढला. अर्ज अर्थातच हिंदीत, कारण कार्यालय हिंदी. विषय, संदर्भ, महोदय. मग लिहिले की जांच करने पर ज्ञात हुआ कि उक्त दोष आंशिक रूप से आवेदक के यंत्र में था.

पुनारामने कागद घेऊन ओठ हलवत वाचला. "हे आंशिक?"

"म्हणजे थोडासा."

"थोडासा लिहिलं त साहेब म्हणतीन, बाकीचा आपला. तार जाईनच." त्याने कागद परत दिला. "चूक कोणाची ते सीधं लिहा न साहेब. दोन शब्दांचं काम."

मोबाइलवर वीरेंद्र कोणाला तरी ओरडून सांगत होता की टेबल आधी चढवा, कॉम्प्युटर नंतर.

गुणाकरांनी 'आंशिक रूप से' वर रेघ मारली. खाडाखोड असलेला अर्ज पाठवणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून दुसरा कागद घेतला. त्यावर, नेहमीच्या तिरप्या, एकसारख्या अक्षरात, लिहिले की दोष पूर्णतः अर्जदाराचा होता, वाहिनी प्रथमपासून निर्दोष होती, आणि लाइनमन पुनाराम यांनी तसे प्रत्येक वेळी सांगितले होते. शेवटचे वाक्य कोणी मागितले नव्हते. सही करताना पेन एकदा अडले.

पुनारामने ते वाक्य दोनदा वाचले, कागदाची घडी खिशात ठेवली आणि मोपेडला लाथ मारली.

टेलिफोन वाजला. पहिली घंटी पुरी होण्याआधी डब्याने तो उचलला. किंचाळी झाली, मग दुसरी किंचाळी, पलीकडून आलेली. दोन्ही एकमेकींत मिसळल्या आणि खोली शांत झाली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे एकेक करून उमटू लागली. फलकाला देवनागरी येत नव्हती, त्यामुळे मराठी रोमन लिपीत, वाचायलाही कष्ट. नाव: वीरेंद्र बोपचे. गाव: मलाजखंड. भेट क्रमांक: एक.

मग निरोप. 'लाइन एकदम साफ आहे रे. बायको ट्रकमध्ये बसली. तू रायपूरले ये.'

गुणाकरांनी उत्तराला सुरुवात केली. सत्याण्णवपासून मनात जुळवलेला मजकूर होता, प्रस्तावनेसह. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर पडद्यावर ओळ आली की संपर्क तुटला. तारेत काही झाले नव्हते. पलीकडे कोणीतरी संगणक उचलून खोक्यात ठेवला असणार.

त्यांनी नोंदवहीतली ती एक नोंद पुन्हा वाचली. आगमन अकरा वाजून सव्वीस मिनिटे, प्रस्थान अकरा वाजून तीस. हिरवी फाइल उघडून बाराव्या अर्जाची प्रत लावायला गेले, तेव्हा ध्यानात आले की प्रत काढलीच नव्हती. एकमेव कागद पुनारामच्या खिशात गेला होता.

"झालं काय?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "आता ते आधीसारखं करून ठेवा. आज आईची घंटी अजून यायची आहे."

यापुढे या नंबरला फोन लावणारा दुसरा डबा त्यांच्या ओळखीत कोणाकडेच नव्हता. त्यांनी मोडेमला पुन्हा आठव्या घंटीची आज्ञा दिली आणि पाटावर येऊन बसले.

भात वाढला जात असताना टेलिफोन वाजला. दोघेही मोजत होते. पाचव्या घंटीनंतर तो थांबला.