दम तुटला होता

जयमाला साळवे कोल्हारात अंगणवाडीची बाई म्हणून ओळखली जायची. शाळेत असताना ती जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळली होती, हे सासरच्या गावात फार कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर खेळ सुटला. पण चौऱ्याण्णव साली नगरला पंचपरीक्षा आहे असं तिला कळलं, तेव्हा तिने नियमांचं पुस्तक मिळवून चुलीपुढे बसून पाठ केलं. नवरा प्रशांत कारखान्यात फिटर. त्याने रजा टाकून दोन्ही पोरी सांभाळल्या. परीक्षेला बासष्ट जण होते, त्यांत बाया तीन. जयमाला पास झाली.

आता बोलावणी येतील, असं तिला वाटलं. आलीही. पण प्रत्येक ठिकाणी तेच.

"ताई, तुमी टेबलापाशी बसा. पावन्यांना ओवाळायचं हाय."

दोन वर्षं ती पाहुण्यांना ओवाळत राहिली, नारळ-शाली पुढे करत राहिली. मैदानावर चुकीचे निर्णय होत आणि ती ओठ दाबून बघत बसे. घरी आली की भांडी आदळायची. प्रशांत म्हणायचा, "जाऊच नको मग." ती म्हणायची, "न जाऊन कसं चालंल?"

शहाण्णवच्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या एका गावात स्पर्धा होत्या. अंतिम सामन्याला एक पंच पोचलाच नाही, त्याची एसटी वाटेत बंद पडली होती. सामन्याचे सरपंच, म्हणजे मुख्य पंच, होते ज्ञानेश्वर सर. शाळेत जयमालाला खेळ शिकवला तो त्यांनीच. त्यांनी तिला हाक मारली.

"शिट्टी आणलीयेस का?"

"नेहमीच आणते, सर."

पदर खोचून ती रेषेवर उभी राहिली. सुरुवातीला गर्दीतून शिट्ट्या आल्या, कुणीतरी "वहिनी, जपून!" असं ओरडलं. दहा मिनिटांत सगळे गप्प झाले. तिची नजर खेळाडूंच्या पावलांवर होती आणि हात चुकत नव्हता.

शेवटचं मिनिट उरलं. यजमान गाव एका गुणाने मागे होतं. गावचा लाडका गडी गहिनीनाथ चढाईला गेला. कोपऱ्यातल्या दोघांना शिवून तो माघारी उसळला आणि मध्यरेषा दोन हातांवर असताना त्याचा दम तुटला. "कबड्डी कबड्डी" थांबलं, त्याने श्वास घेतला, मग पुन्हा तोंड हललं. जयमाला चार पावलांवर होती. तिने शिट्टी फुंकली आणि हात वर केला. गडी बाद.

एकच गदारोळ उडाला. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष पुंजाराम धोतर सावरत मैदानात घुसला.

"ओ बाई, येवढ्या कालव्यात तुमाला काय ऐकू आलं?"

"मी जवळ होते. दम तुटला होता."

"न्हाई तुटला! लई मोठ्या लागून गेल्यात!"

पलीकडच्या पंचाने हात झटकले. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. जयमाला गहिनीनाथकडे वळली.

"तू सांग रे. तुटला का न्हाई?"

गहिनीनाथ मान खाली घालून गुडघ्याची माती झाडत राहिला.

ज्ञानेश्वर सरांनी घाम पुसला, गर्दीकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. यजमान गावाला दोन गुण. सामना संपला.

गुणपत्रकावर तिची सही हवी होती.

"मी सही करणार नाही."

"जयमाला, मलाही याच तालुक्यात नोकरी करायचीये," सर हळू आवाजात म्हणाले.

"तुम्ही ऐकलं होतं का, सर? तेवढंच सांगा."

"ऐकलं होतं," ते म्हणाले. मग कागद आत नेऊन त्यांनी दुसऱ्याकडून सही करून घेतली.

हरलेल्या संघाचा कर्णधार गोरक्ष बाहेर भेटला. हा तरी दोन शब्द चांगले बोलेल, असं तिला वाटलं. तो म्हणाला, "बाई पंच ठेवली म्हणून घात झाला आमचा. गडी असता, तर त्याचा शब्द पडू दिला असता का कुणी?"

तिला रडू आलं नाही. राग आला होता. प्रवरेचा पूल तिने चालतच ओलांडला. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने थांबून विचारलं, तरी ती बसली नाही.

जिल्हा संघटनेला तिने तीन पानी पत्र लिहिलं. वेळ, गुण, कोण कुठे उभं होतं, सगळं त्यात होतं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं, त्याचंही नाही. पुढच्या हंगामात तिला ओवाळायलाही कुणी बोलावलं नाही. मुलींच्या शालेय सामन्यांना मात्र ती जायची, कारण तिथे पंच म्हणून यायला पुरुष तयार नसत. रिकामं मैदान, चार मास्तर, शेंगा खात बसलेल्या पोरी. तिथे तिचा निर्णय कुणी फिरवायचं नाही.

"बरं हाय की मग," प्रशांत म्हणाला.

"बरं कसलं?" ती उसळली. "कुणी बघतच न्हाई, म्हणून भांडत न्हाई."

आणि दरवर्षी दिवाळी झाली, की ती पुरुषांच्या स्पर्धांसाठी पंच म्हणून अर्ज करायची. अठ्ठ्याण्णवचा अर्ज तिने रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती तेवढी परत आली.