लॅपटॉपातला दुबळा फोन

एका मुलीची मी भर एसटीत थट्टा केली होती. तिच्याबद्दल खरं काय ते लिहून ठेवतो.

अमडापूरहून चिखलीला जाताना ती शेजारी बसली होती. मांडीवरच्या लॅपटॉपाच्या पडद्यावर एका मोबाइलचं चित्र दिसत होतं. ती बटणं दाबून त्याची बॅटरी उतरवायची, नेटवर्क घालवायची आणि मान तिरपी करून वाट बघायची.

“एवढा लॅपटॉप घेतला अन् त्याच्यात फोनच खेळून राह्यली का वं?” मी मोठ्यानं विचारलं. सगळी गाडी हसली.

तीही हसली. “खोटा फोन हाय काका. माह्या आईच्या फोनाएवढा दुबळा केला त्याले. आई गावात आशाताईचं काम करते. गरोदर बायांच्या नोंदीचं आम्ही बनवलेलं नवीन ॲप उद्या तिच्याकडे जाते. भारी फोनवर तं सगळ्यांनीच तपासलं.”

मी वाकून बघू लागलो. तिनं एक नोंद भरली, नेटवर्क घालवलं आणि ॲप बंद पडलं. नोंदही गेली. मला वाईट वाटलं. तिनं मात्र टाळी वाजवली.

“बरं झालं इथंच बंद पडलं! आईच्या हातात बंद पडलं असतं तं तिले आपलीच चूक वाटली असती.”

मोबाइल अडला की मीही आजवर स्वतःलाच दोष देत आलो होतो.