दार आतून लावून घेण्याविषयी

स्वतःच्या घराचे दार आतून लावून घेणे ही माणसाच्या स्वातंत्र्याची पहिली कृती होय. हे वाक्य मी फ्लॅट पाहायला गेले त्याच दिवशी मनात तयार केले होते आणि त्याचा मला बराच अभिमान होता. तिथे राहायला गेल्यावर लक्षात आले की या वाक्यात घर आहे, दार आहे, माणूस आहे, फक्त शेजार नाही. बडोद्यात शेजार वगळून केलेले विधान फार दिवस टिकत नाही.

शाळा समा भागात, आमचे घर तरसालीला आणि मध्ये सगळे बडोदे. नोकरी लागल्याचे पत्र आले तेव्हाच मी घरी जाहीर केले की मी शाळेजवळ भाड्याने राहणार. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. आमच्याकडे ही गंभीर घटना समजतात. आमचे पूर्वज संस्थानात कारकून होते. घरात त्यांचा उल्लेख 'मुत्सद्दी' असा होतो, आणि बाबाही कुठल्याही प्रश्नावर बोलण्याआधी मुत्सद्द्यासारखे थांबतात.

"एकाच गावात दोन घरं?" थांबून झाल्यावर ते म्हणाले. "लोक म्हणतील, भांडण झालं."

आईचा आक्षेप जास्त व्यवहारी होता. "तुला एकटीला फावणार आहे का? पाल दिसली की कोणाला हाक मारशील?"

"मी पालीला घाबरत नाही."

"घाबरत नाहीस, पण हाक मारतेस."

तरी मी गेले. शिक्षिका आहे म्हटल्यावर सोसायटीने एकट्या मुलीला फ्लॅट द्यायला हरकत घेतली नाही. शिक्षकाविषयीचा आदर अजून शिल्लक आहे तो अशा ठिकाणी.

आईने एकच अट घातली होती. नव्या घरात दूध उतू गेले पाहिजे, तेही पूर्वेकडे, आणि तिच्या देखत. गॅसचा मीटर अजून बसायचा होता, म्हणून मी इंडक्शनची शेगडी घेतली होती. आईने पातेल्याला हळदकुंकू लावले, दूध ओतले, हात जोडले. दूध वर आले, काठाशी घुटमळले, आणि शेगडी टुंई करून आपोआप बंद पडली. दूध खाली बसले. आईने पुन्हा चालू केली. पुन्हा तेच. उतू जाऊ न देणे हा त्या शेगडीचा मोठा गुण असल्याचे दुकानदाराने मला कौतुकाने सांगितले होते.

"चमच्याने थोडं ढकलते," मी म्हणाले.

"लक्ष्मीला ढकलतात का?"

एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या मासी, दार उघडेच असल्यामुळे, आत आल्या. साठीच्या, ठेंगण्या, हातात पाण्याचा जग. त्यांनी शेगडीकडे पाहिले आणि निकाल दिला, "दूध तो गॅस पर ज उभराय. लावो, मारे त्यां." पातेले उचलून त्या चालूही लागल्या. आम्ही दोघी मागोमाग. त्यांच्या ओट्यावर दूध भसकन उतू गेले, पूर्वेलाच गेले, आणि मासींनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना जिन्याच्या चौकात आई हळूच म्हणाली, "अगं, दूध त्यांच्या घरात उतू गेलं. लक्ष्मी त्यांच्याकडे गेली."

मासींचा हिशेब वेगळा होता. माझे दूध त्यांच्या घरात उतू गेले याचा अर्थ दोन्ही घरे एक झाली. "हवे तो एक ज घर थयुं," त्या आईला म्हणाल्या. आईला हे फार पटले. जाताना तिने फ्लॅटची दुसरी किल्ली मासींना दिली. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, मी शेगडी पुसत होते.

त्या सोसायटीत दिवसा कोणी दार लावत नाही. जाळीचे दार ओढलेले, लाकडी दार सताड. लावलेले दार म्हणजे घरात आजारपण, भांडण किंवा गावाला गेलेली माणसे. मी शाळेतून आल्यावर पहिल्या दिवशी दार लावले तर मासींनी बेल वाजवून विचारले, "तबियत तो सारी छे ने?" दुसऱ्या दिवशी ताटलीतून गरम हांडवा आणला. तिसऱ्या दिवसापासून मीच दार उघडे ठेवू लागले, कारण हांडवा घेण्यासाठी उठावे लागत नव्हते. मग मासींबरोबर त्यांच्या नणंदा आल्या, भिशीतल्या बायका आल्या. "आ अमारा टीचर," अशी माझी ओळख होई आणि मग मी बोलायचे असे. कोणती शाळा चांगली, नातवाचे गणित का कच्चे, मराठी लोक पुरणपोळी दुधाबरोबर का खातात. मी सगळ्याला उत्तरे देत असे. नाही म्हणणे मला कोणी शिकवलेच नव्हते.

शाळेतही बोलणेच होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी सभागृहात दीपप्रज्वलन झाले. विश्वस्तांनी आम्हा नव्या शिक्षकांना सांगितले की आम्ही राष्ट्राचे शिल्पकार आहोत, अंधारातले दीपस्तंभ आहोत, आणि आणखी एक काहीतरी आहोत जे माइकच्या शिट्टीत ऐकू आले नाही. आम्ही शपथ घेतली. बाहेर आल्यावर सुपरवायझर बाईंनी माझ्या हातात शिट्टी ठेवली आणि मला फाटकावर व्हॅनची रांग लावायला उभे केले. पुढचे दोन महिने मी राष्ट्राचे जे काही शिल्प घडवले ते बहुतेक तिथेच.

वर्ग आठवीचा, विषय सामाजिक शास्त्र. वर्गात पन्नासेक मुले, चार खडखडणारे पंखे, आणि खिडकीबाहेर रस्ता खोदणारे यंत्र. मी या सगळ्यांच्या वर आवाज चढवून संसदेची दोन सभागृहे समजावत असे. कोणी शिक्षक गैरहजर असला की त्याचा तासही मलाच, कारण मी नवी. मुले वाईट नव्हती. त्यांना माझ्याविरुद्ध काही नव्हते, ती फक्त एकमेकांशी बोलत असत. मी जितकी ओरडे तितकी तीही आवाज वाढवत, शिष्टाचार म्हणून.

श्रावणात माझा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग मधूनमधून गायब होऊ लागला. वाक्याचा कर्ता ऐकू जाई आणि क्रियापद हवेत विरून जाई. शुक्रवारी मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नळी घालून पाहिले आणि म्हणाले, "शनिवार-रविवार एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर स्वरयंत्रावर गाठी येतील, मग महिनाभर विसरा."

महिनाभर विसरणे मला शक्य नव्हते. सोमवारी मुख्याध्यापिका माझा तास पाहायला येणार होत्या आणि त्या तासावर नोकरी पक्की होणे अवलंबून होते. घसा बसल्याचे त्यांना सांगून पाहिले होते. त्या सहानुभूतीने म्हणाल्या होत्या, "मॅडम, हम लोग मुँह से ही तो पढ़ाते हैं." यात खोटे काही नव्हते. नोकरी गेली असती तर फ्लॅट गेला असता, आणि तरसालीला बाबा वर्तमानपत्र बाजूला न करता म्हणाले असते, "आलीस?"

म्हणजे दोन दिवस गप्प राहायचे होते, एवढेच. एकटी राहणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपे काम कोणते?

घसा बसल्याचे मी मासींना कळवले नाही. त्या सोसायटीत आजार जाहीर करणे म्हणजे प्रत्येक घरातून एकेक काढा मागवणे, आणि प्रत्येक काढ्याबरोबर तो कसा प्यायचा हे सांगणारी बाई येते. शनिवारी दुपारी मी, त्या पहिल्या दिवसांनंतर प्रथमच, लाकडी दार आतून लावले. कडी मात्र लावली नाही, नुसते कुलूप. मऊ खिचडी केली. जमिनीवर चटई टाकून, डोक्यावरून पांढरा टॉवेल घेऊन वाफ घेत बसले. अत्यंत शांत वाटले.

बेल वाजली. मी उठले नाही. पुन्हा वाजली. "बेन? ओ टीचर?" मग कुलपात किल्ली फिरली.

मासींनी पाहिले ते असे : पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेली, मांडी घालून, डोळे मिटून, धुरासारख्या वाफेत बसलेली मी. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मौन छे?"

मी मान हलवली. होतेच.

"क्यां सुधी? सोमवार?"

मी मान हलवली. तेही खरेच होते.

"श्रावणनो सोमवार!" मासींनी हात जोडले, पाठ न दाखवता दारापर्यंत गेल्या आणि दार अलगद ओढून घेतले. नीट लागले की नाही ते बाहेरून ढकलूनही पाहिले. मला वाटले, जिंकले.

तासाभरात बायका येऊ लागल्या. बोलत कोणी नव्हते, मौनाचा मान राखून नुसत्या बसत होत्या. कोणी फळे ठेवली, कोणी दिवा लावला. एकीने तान्हे मूल माझ्या पायाशी आणून ठेवले. ते रडले, तेव्हा तेच खोलीतले एकमेव समजूतदार माणूस वाटले. मी फोनवर गुजरातीत लिहिले की माझा घसा बसला आहे, हे व्रत नाही, आणि फोन मासींपुढे धरला. मासींनी तो हातभर लांब नेऊन वाचला आणि भारावून सगळ्यांकडे वळल्या. "जुओ, केटली नम्रता! व्रत करनारा एवुं कहे ज नहीं."

मी पुन्हा 'खरंच नाही' असे लिहिले. त्याने नम्रता आणखी वाढली.

रविवारी सकाळी निरोप आला. व्रत सोमवारी सुटायचे, पण सोमवारी सगळ्यांना ऑफिस, म्हणून ते रविवारी संध्याकाळीच सुटेल असे सोसायटीच्या कमिटीने ठरवले होते. पारणे कॉमन प्लॉटमध्ये. गरब्यासाठी घेतलेला माइक आणि दोन स्पीकर यानिमित्ताने तपासून होतील, असे चेअरमनांचे म्हणणे पडले. मी आईला मेसेज केला : लगेच ये, यांना समजाव.

आई आली, बाबाही आले. पण मासींनी त्यांना आधीच फोन केलेला होता, त्यामुळे आईने पेढे आणले होते आणि बाबांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. मी आईला आत ओढले, गळ्याकडे बोट दाखवले, डॉक्टरांचा कागद दाखवला.

"मला माहीत आहे गं," आई म्हणाली. "तू आणि व्रत! पण आता काय सांगायचं यांना? खुर्च्या मांडल्यात. मासींनी त्यांच्या मुलीकडून करजणहून लाडू मागवलेत. दोन शब्द बोल आणि मोकळी हो."

मी मान जोरजोरात हलवली.

"मग एक बोल."

बाबा दारातून म्हणाले, "वक्तृत्व आपल्या घराण्यात आहेच."

प्लॉटमध्ये मला मधल्या खुर्चीवर बसवले. शाल आली, नारळ आला. चेअरमनांनी मौनाच्या सामर्थ्यावर दीर्घ भाषण केले. हल्लीची तरुण पिढी किती बोलते हे सांगताना ते थकेचनात. मग मासींनी मला चमचाभर साखरेचे पाणी पाजले आणि माइक पुढे आला. "बे शब्द, बेन."

मला नाही म्हणायचे होते. मला एवढेच म्हणायचे होते, आणि तेवढ्यासाठीही आवाज लागतो. समोर सगळी सोसायटी हात जोडून बसली होती, आई डोळ्यांनी 'बोल' म्हणत होती. मी तोंड उघडले. कुकरची शिट्टी होण्याआधी जी नुसती वाफ निसटते तसा एक आवाज आला. तो दोन्ही स्पीकरमधून सगळ्या प्लॉटवर गेला. मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तोही आला नाही. घशात काहीतरी तुटल्यासारखे दुखले आणि डोळ्यांत पाणी आले.

"गळगळी थई गई," कोणीतरी म्हणाले. मासी पदराने डोळे पुसू लागल्या. टाळ्या बराच वेळ चालल्या.

सोमवारी मी वर्गात गेले तेव्हा घशातून श्वासाखेरीज काही निघत नव्हते. मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मी फळ्यावर धड्याचे नाव लिहिले आणि पहिल्या रांगेतल्या मुलीकडे बोट दाखवले. तिने परिच्छेद वाचला. मग पुढच्या मुलाकडे, मग त्याच्या पुढच्या. मला दुसरा काहीच उपाय नव्हता. हातवारे करत, फळ्यावर एकेक शब्द लिहीत मी तास ढकलला, आणि मनात तरसालीच्या घरी सामान कुठे मावेल ते ठरवत राहिले. मुख्याध्यापिकांनी एक फोन घेतला, नोटिसबोर्डावरचे चार्ट मोजले, एका मुलाचे केस वाढले आहेत हे त्याला खुणेने दाखवले. घंटा झाली. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि माझा हात हातात घेतला.

"बहुत अच्छा," त्या म्हणाल्या. "खास करके आपका व्हॉइस मॉड्युलेशन."