पाटीपर्यंत पोचणारा हात

माझ्या आईला स्वतःचा अंबाडा बांधता येत नाही. मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचा खांदा आखडला. माझी परीक्षा बिघडू नये म्हणून मला न कळवता ती कोपरगावच्या रस्त्यावरच्या एका सेंटरमध्ये गेली. तिथला माणूस पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात शेकाची मशीन लावायचा. तेवढ्या भांडवलावर त्यानं दारावर ‘फिजिओथेरपिस्ट’ अशी पाटी ठोकली होती, वर स्वतःचा हसरा फोटो. आई “थांबा, थांबा” म्हणत राहिली आणि तो हात ओढत राहिला. “दुखल्याबिगर गुन येत न्हाई, मावशी!” खांद्याशी हाड मोडलं. नंतर तो म्हणे, हाडच ठिसूळ होतं. होतंच. म्हणून तर आधी तपासायचं असतं.

हा माणूस एकदा माझ्या हाती लागू दे, एवढंच मी मागत राहिले. गेल्या वर्षी तो संगमनेरला माझ्याच दवाखान्यात आला. शुगरमुळे उजवा खांदा आखडला होता. गावात कळू नये म्हणून लांब आलेला. स्वतःच्या मशीनवर भरवसा नसावा. फोटोतला तोच चेहरा. मला मात्र तो ओळखत नव्हता.

मी नेहमीसारखं विचारलं, “या हातानं कुठलं काम अडलंय?” उपचार त्या कामापर्यंत न्यायचे, ही आमची पद्धत. बायका वेणी सांगतात, कुणी गाईची धार. तो म्हणाला, “शर्ट घालता येत न्हाई, ताई.” मी मनात वेगळंच काम धरलं. हा हात दारावरच्या पाटीपर्यंत पोचला पाहिजे.

त्याचा दंड माझ्या हातात असायचा. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवायचे. पण “दुखलं तर सांगा, मी थांबते,” असं बजावूनच मी सुरुवात करायचे आणि तो “थांबा” म्हणाला की थांबायचे. आईचा शब्द त्याच्या तोंडून ऐकताना मला गोड वाटायचं. कुणाकुणाचे हात कसे मोकळे केले, ते तो फुशारकीनं सांगायचा. पेशंट सांगतो ते बाहेर न्यायचं नाही, हा नियम मी दातओठ खात पाळला.

हात सरळ वर जाऊन दंड कानाला लागला त्या दिवशी मी म्हणाले, “तुमचे उपचार संपले. ज्या मावशीचं हाड मोडलंत, तिची मी मुलगी. इथं बोललात ते इथंच राहील. पण आईचं दुखणं तिचं स्वतःचं आहे, आणि तुमची पाटी रस्त्यावर आहे. तेवढ्यावर तक्रार होते.” त्यानं हात जोडले. दोन्ही अगदी सरळ जुळले, आणि मला माझ्या कामाचं कौतुक वाटलं.

चौकशी झाली, सेंटर बंद करायचा हुकूम निघाला. पाटी उतरणार त्या सकाळी आईनं मला अंबाडा बांधू दिला नाही. “आधी ती खाली येऊ दे,” म्हणाली. केस मोकळे सोडूनच ती गाडीत बसली. मी गाडी सेंटरसमोरच लावली.

तो स्टुलावर चढला. उजवा हात वर गेला, कुठेही अडला नाही. एकेक स्क्रू निघाला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

“लई वर जातो गं त्याचा हात,” आई म्हणाली.

पाटी खाली आली. आईनं माझ्याकडे पाठ केली.

“बांध आता.”