पाठीवरचं रफू

रफूकाकांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला आपटायचं, म्हणून चाळीस वर्षं ते बसूनच राहिले. काम मात्र असं, की ज्याचा कोट त्यालाच भोक कुठे होतं ते सापडू नये. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कशाने गेलं?" खिळ्याने गेलेलं वेगळं भरायचं, ठिणगीने गेलेलं वेगळं, आणि उंदराचं तर विचारूच नका. बायको म्हणायची, "उद्या मी मेले तरी आधी हेच विचाराल." काका हसायचे आणि सुई ओवायचे.

एके दिवशी भरदुपारी फौजदार स्वतः आला. कागदात गुंडाळलेला निळ्या चौकड्यांचा सदरा, नुकताच धुतलेला. पुढे छातीवर मोठं, कडा बाहेर फाकलेलं भोक आणि मागे पाठीवर करंगळी जाईल एवढं.

"फक्त मागचं भरायचं. पुढच्याला हात लावायचा नाही."

"कशाने गेलं?" सवयीने काकांच्या तोंडून निघून गेलं.

"खिळ्याने," फौजदार म्हणाला. मग त्याने जिन्याखाली सावकाश नजर फिरवली. "ही जागा तुमच्या नावावर नाही ना? आणि मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे म्हणे."

काका काही खुळे नव्हते. आठवड्यापूर्वी मोर्चात बस डेपोतला एक फिटर पोलिसांच्या गोळीने मेला होता. सुरा घेऊन अंगावर आला म्हणून गोळी घातली, असं पोलीस सांगत होते. पळताना पाठीत घातली, असं गल्ली सांगत होती. आपण बरं की आपलं काम बरं, असं मनाशी म्हणत काका कामाला लागले. रफू उतरलं ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त तेच बोचलं.

वर्षभराने चौकशी आटोपली. पोलीस स्वच्छ सुटले, फिटरचं सामान घरी परत आलं, आणि त्याची आई तो सदरा घेऊन जिन्याखाली येऊन बसली.

"काका, रफू ओळखावं तर तुम्हीच, असं लोक म्हणतात. पंचनाम्यात लिहिलंय म्हणे, पाठ अखंड आहे, म्हणजे गोळी समोरून लागली. कुणी काही केलंय का हो इथे?"

काकांनी उगाच चष्मा पुसला, सदरा उजेडात धरला. "नाही," ते म्हणाले. "रफू नाही."

सदऱ्याची घडी घालता घालता ती म्हणाली, "मग गेला असेल धावून. घरात साधं झुरळ मारायचा नाही. वर्षभर भांडले मी त्याच्यासाठी. आपल्याच पोराला ओळखलं नाही म्हणायचं."

पोलिसांनी त्याला एकदा मारलं होतं. आता आपण त्याला आईच्या मनातूनही मारतोय, हे काकांना कळलं.

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी सदरा उलटा केला, बारीक कातरी घेतली आणि एकेक धागा चिमट्याने ओढून काढला. पाठीवरचं भोक हळूहळू उघडं झालं. "मीच भरलं होतं. फौजदाराने भरून घेतलं. पोरगा पळतच होता, बाई."

आईने त्या भोकात करंगळी घातली आणि तशीच बसून राहिली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आईने पोलिसांविरुद्ध पुन्हा अर्ज केला आणि काका साक्षीला चढले. साक्षीच्या आधीच मुलीची बदली लांब कुठेतरी झाली आणि जिन्याखाली सील लागलं. पोलिसांच्या बाजूने उभ्या सरकारी वकिलाने फार वेळ घेतला नाही.

"पंचनाम्यात पाठ अखंड आहे. आज भोक आहे. मग तुमचं रफू कुठाय?"

"उसवलं."

"कुणी?"

"मीच."

"धागे?"

चाळीस वर्षांच्या शिस्तीप्रमाणे काकांनी ते धागे त्याच संध्याकाळी झाडून टाकले होते. फौजदाराविरुद्ध जगात एकच पुरावा होता, त्यांचं रफू, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने उसवला होता. भोक मागाहून पाडलेलं दिसतं, असं कोर्टाने ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी तशी गत झाली. सदरा आईच्या ताब्यात होता, म्हणून खोटा पुरावा तयार केल्याचा गुन्हा तिच्यावर दाखल झाला.

बाहेर बाकावर काका तिच्याशेजारी बसले. "मला सुचलंच नाही हो. तसंच ठेवायला हवं होतं."

"तसंच ठेवलं असतं तर मी कशाला विश्वास ठेवला असता?" ती म्हणाली. "दिसत कुठे होतं ते."

तिने पदराने तोंड पुसलं आणि जामिनाचा कागद काकांपुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. काकांनी तो तिला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला तिला त्याच फौजदारासमोर हजेरी द्यायची होती.