चाळीस मिनिटांत कोलोन

अमेरिकेत, शॉमबर्गला आमच्या शेजारी एक जर्मन बाई राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, एकट्या, आणि बर्फ पडला की आमच्याही दारातला काढून ठेवणाऱ्या. जन्म ऱ्हाइन नदीकाठच्या कोलोनचा. माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली आणि चौथ्या दिवशी त्यांना ‘मावशी’ म्हणायला लागली. आईचं इंग्रजी जेमतेम, मावशींचं मराठी शून्य. मध्ये मी.

एप्रिलमध्ये गावच्या लायब्ररीने मावशींना त्यांच्या शहराच्या इतिहासावर बोलायला बोलावलं. वेळ चाळीस मिनिटं.

“दोन हजार वर्षांचं शहर आहे ना? म्हणजे मिनिटाला पन्नास वर्षं,” माझा नवरा म्हणाला. तो प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याने लगेच फोनवर स्टॉपवॉच लावून दाखवलं.

रिहर्सल दर शनिवारी आमच्या डायनिंग टेबलवर व्हायची. मावशी उभ्या, आम्ही तिघं पोहे खात श्रोते. पहिल्या शनिवारी त्या रोमन लोकांमध्येच अडकल्या. तिथे जन्मलेल्या एका मुलीचं रोमच्या बादशहाशी लग्न झालं, आणि तिने नवऱ्याच्या मागे लागून आपल्या जन्मगावाला मोठ्या शहराचा दर्जा मिळवून दिला. मी आईला हे सांगितलं.

“म्हणजे माहेरचं कल्याण केलं,” आई खूश झाली. “पुढे काय झालं तिचं?”

पुढे ती फार वाईट पद्धतीने मारली गेली होती, आणि मावशींनी ते बारकाव्यांसकट सांगितलं. स्टॉपवॉच एकतीस मिनिटांवर थांबलं तेव्हा अजून एकोणीसशे वर्षं बाकी होती.

दुसऱ्या शनिवारी आम्ही कॅथीड्रलपर्यंत पोचलो. बांधकाम सुरू झालं, कित्येक पिढ्या चाललं आणि मध्येच थांबलं. अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी क्रेन तीनशेहून जास्त वर्षं तशीच उभी राहिली. लोक जन्मले, म्हातारे झाले, गेले, क्रेन तिथेच.

“कॉन्ट्रॅक्टर कोण होता?” नवऱ्याने विचारलं.

मावशींनी हा प्रश्न अगदी मनावर घेतला आणि पुढच्या आठवड्यात शोधून आणते म्हणाल्या.

त्याच दिवशी आईला अचानक उलगडा झाला. “हे कोलन वॉटरचं गाव का?” लहानपणी ताप आला की तिच्या कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवत. तिला वाटायचं, कोलन हे एखादं फूल असावं. मी भाषांतर केल्यावर मावशी खुर्चीत बसल्याच. त्यांच्या गावी ते रुमालावर शिंपडायचं अत्तर होतं. आपलं गाव नागपूरच्या तापावर ठेवलं जात होतं, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी त्याची एक स्लाइड केली. नवऱ्याने दोन मिनिटं वाढल्याची नोंद घेतली.

तिसऱ्या शनिवारी मावशी पहिल्यांदाच शेवटापर्यंत गेल्या. गावकऱ्यांनी आपल्या आर्चबिशपला शहरातून हाकलून दिलं, कॅथीड्रल त्याचं पण मुक्काम शेजारच्या गावात, हे ऐकून आम्ही मनसोक्त हसलो. फ्रेंच आले, गेले. क्रेन उतरली, मनोरे पूर्ण झाले. “आणि मग आम्ही शहर पुन्हा बांधलं,” असं म्हणून त्या थांबल्या.

आईने ताटली खाली ठेवली. “पुन्हा का बांधलं? मधलं काहीतरी राहिलं, मावशी.”

मी भाषांतर करायला जरा कचरले. पण मावशींना सूर कळला होता.

“ते कोणाला ऐकायचंय?” त्या म्हणाल्या. “लायब्ररीत लोक दुपार मजेत घालवायला येतात.”

“मला ऐकायचंय,” आई म्हणाली. हे तिने इंग्रजीत सांगितलं.

मग त्यांनी बसूनच सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले सुरू झाले तेव्हा लहानग्या मावशी आपल्या आईबरोबर एका खेड्यात गेल्या होत्या. युद्ध संपल्यावर परतल्या तर रस्तेच नव्हते, नुसते विटांचे ढीग. कॅथीड्रल मात्र उभं होतं. त्यांची आई त्याच्या दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि चालायला लागली. इथे बेकरी, इथे वळायचं, इथे शिंपी. अशी ती एका ढिगापाशी थांबली. घराची फक्त दगडी पायरी शिल्लक होती. तिने झुडुपाची एक फांदी तोडली आणि ती पायरी स्वच्छ झाडून काढली. मागे घर नव्हतं.

“मीही झाडली असती,” माझी आई म्हणाली.

मी ते मावशींना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पोहे मागितले.

लायब्ररीत एकोणीस माणसं आली. त्यातली अकरा आईने फोन करकरून जमवलेली मराठी काका-काकू होती. मावशींनी स्लाइड न लावता पायरीपासून सुरुवात केली. मग एकदम म्हणाल्या, “आता या पायरीखाली खोदू या,” आणि आर्चबिशप, क्रेन, कोलन वॉटर असं मनाला येईल तसं सांगत गेल्या. दोनदा हशा पिकला. वेळ बावन्न मिनिटं झाली. नवऱ्याने फोन खिशात टाकला होता.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. मागच्या रांगेतल्या एका काकांनी हात वर केला. “आम्ही जूनमध्ये युरोपला चाललोय. कॅथीड्रलपाशी पार्किंग मिळतं का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींचा चेहरा मात्र खुलला.

“खालीच आहे,” त्या म्हणाल्या. “आणि आत रोमन भिंतीचा तुकडा आहे. गाडी जपून रिव्हर्स करा.”

काकांनी ते फोनमध्ये टिपून घेतलं.